गरजेची भिंत

मार्च लागला की कॉलेजच्या व्हरांड्यात दोन वास एकत्र येतात. एक कोऱ्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांचा आणि दुसरा फाटकाबाहेरच्या हातगाडीवर उन्हात तापलेल्या द्राक्षांचा. सकाळी सातला निघताना अंगावर काहीतरी घ्यावं इतका गारवा असतो, आणि अकराच्या पेपरला घामाने पेन हातातून निसटतं. नाशिकचा हा महिना मला पूर्वी फार आवडायचा. आता तो आला की मी पर्यवेक्षणाच्या जास्तीच्या ड्यूट्या मागून घेते. रिकामं बसलं की सुमनताई आठवतात.

यंदा आठवण टाळणं आणखी कठीण झालंय. सिंहस्थासाठी रस्ते रुंद होताहेत, सगळीकडे खणलेलं आहे, आणि आमच्या कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत एकेक बंगला पडतोय. बंगला पाडायला चार दिवस पुरतात. पहिल्या दिवशी दारं-खिडक्या निघतात. दुसऱ्या दिवशी समोरची भिंत जाते आणि आतल्या खोल्यांचे रंग रस्त्यावर उघडे पडतात, कुणाचा आकाशी, कुणाचा पोपटी. एखाद्या भिंतीवर देवांच्या तसबिरींचे चौकोन तेवढे फिके राहिलेले दिसतात. मी जाता-येता थांबते आणि बघते, कोणती भिंत घराबरोबरची आणि कोणती नंतर घातलेली. कळतं ते. नंतरच्या भिंतीचा सांधा जुन्या भिंतीत शिरलेला नसतो, नुसता टेकलेला असतो. हे मला इतिहासाच्या कोणत्या पुस्तकाने शिकवलं नाही. सुमनताईंनी शिकवलं.

सुमन आहेर. आठ-नऊ वर्षांपूर्वी त्या माझ्याकडे एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होत्या. वय सेहेचाळीस, म्हणजे माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठ्या. माहेर सटाण्याचं, सासर मालेगावकडचं, आणि लग्नानंतर बिऱ्हाड नाशिकला सिडकोत. नवरा, भास्करराव, गवंडीकाम करत करत छोटी कंत्राटं घ्यायला लागलेले. दोन्ही मुलं हाताशी आल्यावर बाईंनी बारावीपासून पुन्हा सुरुवात केली होती. वर्गात पहिल्या बाकावर बसायच्या. पोरं त्यांना आधी काकू म्हणायची आणि परीक्षा जवळ आली की नोट्ससाठी ताई म्हणायची. मी सुमनताई म्हणायचे. त्या मला मॅडम म्हणायच्या. वयाचा विषय मी काढला तेव्हा म्हणाल्या की शिकवतो तो मोठा, त्यात काय मोजायचं.

मी प्राचीन जगाचा पेपर शिकवायचे. शेवटच्या सत्रात प्रत्येकाला एक लहानसा प्रबंध लिहावा लागे. पोरं शिवकालीन किल्ले घ्यायची, त्र्यंबकेश्वर घ्यायची, म्हणजे एका सहलीत काम भागतं. सुमनताईंनी उत्तर आफ्रिकेतलं कार्थेज घेतलं.

त्याला कारण आमच्या ग्रंथालयातलं एक पुस्तक. एका निवृत्त प्राध्यापकांनी दिलेलं, कार्थेजच्या उत्खननावरचं जाडजूड इंग्रजी पुस्तक. मागच्या पाकिटात घडीचे नकाशे. दहा-बारा वर्षांत कुणी ते घरी नेलं नव्हतं. सुमनताईंना इंग्रजी सावकाश वाचता यायचं, पण नकाशा झरझर वाचता यायचा. भास्कररावांच्या कामाचे नकाशे घरी यायचे. ते साइटवर असले की मजुरांना कुठली भिंत किती, हे फोनवर बाईच सांगायच्या. ग्रंथालयाच्या टेबलावर त्यांनी ती घडी उलगडली आणि तासभर वाकून बसल्या. मग मला बोलवायला आल्या.

नकाशात रोमन काळातली घरं जाड रेघांनी काढलेली होती. मोठी घरं. मधोमध अंगण, अंगणाभोवती खांब, खांबांमागे खोल्या. आणि त्या जाड रेघांच्या आत, वेड्यावाकड्या, बारीक रेघा, नंतर घातलेल्या भिंतींच्या. रोमनांचं राज्य गेलं, व्हँडल टोळ्या आल्या, पुढे कॉन्स्टँटिनोपलहून सैन्य आलं. राज्यं बदलत गेली तशी त्या शहरातली मोठी घरं आतून तुटत गेली. खांबा-खांबांमधल्या जागा दगडमातीने बुजवून खोल्या केल्या. चित्रांच्या फरशा फोडून चुली मांडल्या. रस्त्यांत टपऱ्या आल्या आणि रस्ते बोळ झाले. मी हे दरवर्षी एका तासात शिकवायचे. फळ्यावर शीर्षक लिहायचे, ‘नगराचा ऱ्हास’.

त्या दिवशी नकाशावर बोट ठेवून सुमनताई म्हणाल्या, “मॅडम, ऱ्हास कुणाचा? आधी इथं एक घर राहत होतं. आता सहा राहतात.”

मी म्हटलं, पण शहर म्हणून बघा, रस्त्यावर अतिक्रमणं झाली, पाण्याची व्यवस्था मोडली. त्यावर त्या जराशा हसल्या. आमचंही अर्धं स्वयंपाकघर मार्जिनच्या, म्हणजे नियमाने मोकळी सोडायच्या जागेतच आहे, म्हणाल्या, तिथं बसूनच तुमचा अभ्यास करते.

तो फेब्रुवारी आणि मार्च त्या रोज दुपारी ग्रंथालयात यायच्या. डब्यात द्राक्षं आणायच्या, धुऊन मोकळी केलेली. कुणाच्या बागेतल्या शेडचं काम भास्कररावांकडे असलं की निर्यातीतून काढून टाकलेला माल घरी यायचा. मणी लहान असायचे, पण गोड. ती खात त्या मला भिंती समजावून सांगायच्या. वीस-पंचवीस वर्षं नाशकातल्या कितीतरी घरांत त्यांच्या नवऱ्याने वाटणीच्या भिंती घातल्या होत्या, आणि प्रत्येक भिंतीची हकीकत संध्याकाळी चहाबरोबर घरी आली होती.

भिंत दोन तऱ्हेची असते, त्यांचं म्हणणं. भांडणाची आणि गरजेची. भांडणाची भिंत कायम मधोमध जाते. खिडकी मध्ये येवो, देवघर येवो, ती वळत नाही, कारण दोन्ही बाजू टेप धरून उभ्या असतात. गरजेची भिंत आळशी असते. जिथे आधीचा खांब असेल, कोपरा असेल, तिथून तिथे जाते. चार विटा वाचल्या तर वाकडी जाते. कुणाला हातभर जास्त मिळालं, कुणाला कमी, त्यावर कुणी बोलत नाही. माणसं वाढलेली असतात, कुणीतरी आसरा मागत आलेलं असतं, आणि पाऊस तोंडावर असतो.

मग त्या नकाशातल्या एका घरावर आल्या. अंगणात जमिनीखाली पावसाच्या पाण्याचं टाकं होतं. भोवती नंतरच्या काळातल्या चार चुली सापडल्या होत्या, म्हणजे चार बिऱ्हाडं. भिंती सगळीकडून आल्या होत्या, पण टाक्याजवळ येऊन थांबल्या होत्या. टाक्याभोवती चारी बाजूंनी माणूस जाईल एवढी वाट मोकळी होती.

“पाणी वाटलेलं नाय,” त्या म्हणाल्या. “म्हणजे बोलत होते एकमेकांशी.”

मी वीस वर्षं शिकवत होते. दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या टाक्यापाशी सकाळी चार बायका उभ्या असतील, हे माझ्या एकदाही मनात आलं नव्हतं.

हे सगळं त्यांनी प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात लिहिलं. अठरा पानं, वळणदार अक्षर, निळी शाई. त्यात नाशिकमधल्या घरांची उदाहरणं होती, नावं बदललेली. ‘माझे पती सांगतात’ असं चार-पाच ठिकाणी होतं. मी ती पानं एका रविवारी दुपारी घरी वाचली, पंख्याखाली, आणि संपेपर्यंत उठले नाही.

आणि दुसऱ्या दिवशी त्यांना सांगितलं, हे प्रकरण काढावं लागेल.

कारणं मी नीट दिली. संदर्भ नाहीत. गवंड्याचं म्हणणं हा पुरावा होत नाही. आजच्या भिंतीवरून तेव्हाच्या भिंतीबद्दल बोलता येत नाही. ही सगळी कारणं खरी होती. खरं नव्हतं ते एवढंच की मी त्यासाठी प्रकरण काढत होते. तोवर सगळे प्रबंध विभागप्रमुखच बघायचे; मार्गदर्शक म्हणून प्रबंधावर माझं नाव पहिल्यांदाच जाणार होतं. बाहेरचे परीक्षक ‘माझे पती सांगतात’ वाचून हसतील, आणि मग माझ्याकडे बघून हसतील, ही भीती होती. हा सगळा हिशेब मी त्यांना सांगितला नाही. वेळ कमी आहे असंही वर म्हटलं.

त्यांनी पानांच्या कडा सारख्या केल्या. तुम्ही म्हणाल तसं, म्हणाल्या, आणि पानं पिशवीत ठेवली.

त्यानंतर आठ-दहा दिवस त्या आल्याच नाहीत. मला वाटलं, रागावल्या. फोन केला तर म्हणाल्या की घरी काम निघालंय. गवंड्याच्या घरी काम निघणार, त्यात विशेष काय, असं मला वाटलं. एप्रिल निम्मा सरला होता. टायपिंगला द्यायचा मजकूर तपासून माझ्याकडे पडला होता, म्हणून एका दुपारी तो घेऊन मीच सिडकोत गेले.

घर शोधायला त्रास झाला नाही. गल्लीत एकाच घरापुढे वाळू पडलेली होती. पुढची खोली होती तिथे आत शिरल्याबरोबर समोर ओली भिंत उभी होती. प्लास्टर व्हायचं होतं. खोलीची एकुलती एक खिडकी भिंतीने बरोबर अर्धी कापली होती, एक झडप या बाजूला, एक पलीकडे. वरचा पंखा काढून ठेवला होता, कारण त्याचा हूकच नेमका भिंतीवर आला होता. दोन मुलांचं पटेनासं झालं होतं. थोरल्याला पुढच्या खोलीत दुकान काढायचं होतं, धाकट्याचं लग्न ठरलं होतं. कोण कुणाला काय बोललं ते सुमनताईंनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. भिंत भास्कररावांनी स्वतः घातली होती. बाहेरचा माणूस लावायला दोन्ही पोरं तयार होती, पण ते म्हणाले, माझ्या घरात दुसऱ्याची थापी नको.

ते ओट्यावर बसले होते. हातावरचं सिमेंट वाळून पांढरं झालं होतं. मला बघून उठले, मॅडम या म्हणाले, आणि चहा सांगायला आत जाऊ लागले. मग थबकले. स्वयंपाकघर आता पलीकडे गेलं होतं आणि पलीकडे जायला बाहेरून वळसा होता.

सुमनताईंनी मला मागे नेलं. मोरीत दोन नळ होते, एक जुना, एक नवा पितळी, आणि दोहोंच्या मध्ये गुडघाभर विटा. त्या विटांकडे बघत उभ्या राहिल्या. कार्थेजचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही नाही. मग सहज सांगावं तसं त्यांनी सांगितलं की वाटणीत आईवडीलही वाटले गेलेत. त्या धाकट्याकडे, भास्करराव थोरल्याकडे. जेवण जिकडे ज्याचं नाव तिकडे. झोपणंही.

“सत्तावीस वर्षं एका ताटावर बसलो असं नाय,” त्या म्हणाल्या. “पण वाढायची मीच.”

मी मजकूर त्यांच्या हातात दिला आणि निघाले. वाळूच्या ढिगाला वळसा घालताना मागे पाहिलं तर भास्करराव पुन्हा ओट्यावर बसले होते, भिंतीच्या त्या बाजूला.

तोंडी परीक्षा मेमध्ये झाली. आमच्या विभागाची खोली पश्चिमेची. दुपारी तिथे बसवत नाही. बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर, सभ्य गृहस्थ होते. त्यांनी प्रबंध वाचलेला होता, ही एरवी आनंदाची गोष्ट. पानं उलटत ते म्हणाले की भाषा स्वच्छ आहे, मांडणी नीट आहे, पण एका पुस्तकाचा हा सारांश झाला. मग चष्मा काढून त्यांनी अगदी मायेने विचारलं, “बाई, यात तुमचं स्वतःचं काय आहे?”

सुमनताईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत तक्रार नव्हती. बोलायची परवानगी विचारणारं पोर शिक्षकाकडे बघतं, तसं पाहिलं. मी एक वाक्य बोलायचं होतं. सर, एक प्रकरण होतं, मी काढायला लावलं. एवढंच. ती पानं त्यांच्या पिशवीत असतीलही तेव्हा. मी समोरच्या गुणपत्रिकेवर दिनांक लिहायला घेतला.

“काही नाही, सर,” त्या म्हणाल्या.

दुसरा वर्ग मिळाला. पीएच.डी.चा त्यांचा विचार होता, तसं त्यांनी हिवाळ्यात मला दोनदा बोलून दाखवलं होतं. निकालानंतर पेढे घेऊन आल्या, ग्रंथालयाची पुस्तकं परत केली, पाया पडू लागल्या तर मी हात धरले. पीएच.डी.चा विषय त्यांनी काढला नाही. मीही नाही काढला. तो उन्हाळा फार लांबला होता. विहितगावच्या पुलावरून नदी दिसायची, नुसते दगड आणि पाणवेली.

पुढच्या वर्षांत दिवाळीला एखादा मेसेज यायचा. मग तोही थांबला. मी फळ्यावरचं शीर्षक मात्र बदललं. ‘ऱ्हास’ लिहीत नाही, ‘बदल’ लिहिते. टाक्याची गोष्ट सांगते आणि पोरं माना वर करून ऐकतात. कुणाची गोष्ट ते मी सांगत नाही. गेल्या वर्षी एका मुलीने विचारलं की मॅडम, हे कोणत्या पुस्तकात आहे. घरी शोधून सांगते म्हटलं.

या मार्चमध्ये वरिष्ठ पर्यवेक्षक म्हणून मला सटाण्याच्या एका केंद्रावर पाठवलं. देवळा गाव मागे पडल्यावर रस्त्याच्या दोन्ही अंगांना कांदा काढणी चाललेली, हवेत त्याचा तिखट ओला वास. पेपर एकला संपला. जुना नंबर मी सात वर्षांत लावला नव्हता. लागला.

माहेरी, सटाण्यातच भावाच्या घरी राहतात त्या आता. गावाबाहेरच्या नव्या वसाहतीत, पुढे जास्वंदीचं कुंपण. केस पूर्ण पिकलेत. मला बघून त्यांना खरंच आनंद झाला, आणि त्या आनंदाने मला जास्तच ओशाळल्यासारखं झालं. भास्करराव दोन वर्षांपूर्वी गेले. फुफ्फुसं निकामी झाली, सिमेंट श्वासात गेलेलं. पोरं तिथेच आहेत, भिंतीच्या दोन बाजूंना, बरी आहेत. भास्करराव गेल्यावर तिकडे जीव लागेना म्हणून या इकडे आल्या.

चहा झाल्यावर मी ते बोलले. इतकी वर्षं मनात घोळवलेलं वाक्य तोंडातून फार लहान निघालं. ते प्रकरण मी काढायला नको होतं, आणि त्या दिवशी सरांना मी सांगायला हवं होतं.

त्यांनी नाही-नाही म्हटलं नाही. त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. कपाचा कान बोटाने फिरवत म्हणाल्या, “तेव्हा लय वाईट वाटलं होतं, मॅडम.”

मग उठून आत गेल्या आणि पानं घेऊन आल्या. तीच अठरा पानं, कडांना मऊ झालेली. भास्करराव अंथरुणाला खिळले तेव्हा रोज दुपारी, धाकटी सून झोपली की, त्या बाहेरून वळसा घालून पलीकडे जायच्या आणि त्यांना ही पानं वाचून दाखवायच्या. आपलं म्हणणं कागदावर आलंय हे त्यांना माहीतच नव्हतं. ते पडल्या पडल्या ऐकायचे आणि दुरुस्त्या सांगायचे. ही भिंत आधी झाली असंल, ती मागून. इथं दार असणारच, बघ नीट. समासात पेन्सिलीने त्या सगळ्या लिहिलेल्या होत्या.

शेवटचं पान त्यांनी माझ्यापुढे धरलं. तिथे कबरींबद्दल लिहिलं होतं. रोमन काळात कार्थेजचे लोक मृतांना गावाबाहेर नेऊन पुरायचे. पुढे पुढे कबरी गावातच सापडायला लागतात, पडक्या घरांत, अंगणांत, राहत्या भिंतींना लागून. सुमनताईंनी लिहिलं होतं की माणसं इतकी दमली होती, की मेलेल्याला वेशीबाहेर नेण्याचंही त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं. त्या वाक्याच्या समासात काही नव्हतं.

“हे ऐकून ते म्हणाले, चुकली तू,” त्या म्हणाल्या. “दमले बिमले नसतील. जवळ ठेवावं वाटलं असंल.”

मी विचारलं, मग तुम्ही दुरुस्त का नाही केलं.

“करणार होते. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात न्यावं लागलं.” त्यांनी पान घेतलं, बाकीच्यांच्या खाली सारलं, कडा सारख्या केल्या. “आपल्यात तर जवळ ठेवायची रीतच नाय, मॅडम. ते गेल्यावर तिसऱ्या दिवशी अस्थी घेऊन रामकुंडावर दोघं पोरं गेली. मडकं एकच होतं, दोघांनी मिळून धरलं होतं. मी वरच्या पायरीवर उभी होते.”